जुन्या कालव्यावरील कमानी पुलाची नोंद कशी करावी

कालव्यावरचा जुना दगडी किंवा विटांचा पूल आपण बहुधा रस्त्यावरून जाता-जाता पाहतो आणि तेथून दोन कठडे व मधला चढ-उतार यांपलीकडे काहीच दिसत नाही. पुलाची नोंद करायची असेल, तर नाव ओढणारे घोडे ज्या काठच्या वाटेने चालत, त्या वाटेवर आधी उतरावे आणि कमानीखाली उभे राहून काम सुरू करावे. सोबत टेप, लेझर अंतरमापक, ओळंबा, विजेरी, मऊ ब्रश आणि वही-पेन्सिल असली की पुरे. हिवाळ्यात झुडपे विरळ झालेली असतात, म्हणून तो काळ सर्वांत सोयीचा.

मोजमापाआधी दगडांच्या कडा नीट पाहाव्यात. कमानीच्या वाटेकडील कोपऱ्यावर बोटभर खोल आडव्या खाचा दिसल्या, तर त्या छिन्नीच्या नव्हेत. घोडा ज्याने नाव ओढी, तो वाळूचे कण चिकटलेला ओला दोर वर्षानुवर्षे घासून दगड कापत गेला, त्याच्या त्या खुणा आहेत. पुढे अशा कोपऱ्यांवर ओतीव लोखंडाच्या पट्ट्या बसवल्या गेल्या आणि मग त्या पट्ट्यांवरही खाचा पडल्या. मला स्वतःला पुलाच्या बांधणीइतकेच या खाचांचे मोल वाटते, म्हणून त्यांची संख्या, खोली आणि जमिनीपासूनची उंची प्रत्येकी लिहून ठेवावी. जवळच भिंतीत समोरासमोर दोन उभ्या खोबणी असतील, तर त्यांत फळ्या उतरवून कालव्याचा एक भाग कोरडा करीत असत. पुलाखाली पात्र मुद्दाम अरुंद ठेवलेले असल्याने ही सोय तेथेच करणे सोपे जाई.

घोडा पुलावरून आणि नाव पुलाखालून गेली की दोर पुलाला अडतो; हा प्रश्न सर्वत्र एकाच रीतीने सोडवलेला नाही, म्हणून पुलाचा प्रकारही ओळखावा. इंग्लंडमध्ये 1816 साली पूर्ण झालेल्या स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन कालव्यावर दोन लोखंडी अर्ध्यांमध्ये फट ठेवलेले लहान पूल आहेत. दोर त्या फटीतून जात असल्याने घोडा सोडावा लागत नसे. 1831 साली खुल्या झालेल्या मॅकल्सफील्ड कालव्यावर, वाट एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते तेथे, वळसा घेणारे उतार असलेले पूल बांधले आहेत आणि त्यांचा हेतूही तोच आहे.

आता कमानीचे माप घ्यावे. कमान दोन्ही बाजूंना जेथून सुरू होते, त्या दोन बिंदूंमधील आडवे अंतर म्हणजे गाळा, आणि त्या पातळीपासून कमानीच्या माथ्याच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची म्हणजे उठाव. गाळ्याच्या वर्गाला उठावाच्या आठपटीने भागून त्यात उठावाचा अर्धा भाग मिळवला, की वर्तुळखंडाच्या कमानीची त्रिज्या मिळते: गाळा 8 मीटर आणि उठाव 2 मीटर असेल, तर त्रिज्या 5 मीटर. अशा कमानीची उंची मध्यापासून 2 मीटर बाजूला साधारण 1.58 मीटर भरली पाहिजे. दोन्ही बाजूंना हे माप घ्यावे. एका बाजूला ते कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त आले, तर कमान एका अंगाला झुकलेली असण्याची शक्यता असते, कारण बिघाड बहुधा माथ्याआधी या पाव भागात दिसतो. मूळ बांधणीच अर्धलंबवर्तुळाकार असेल तर हे गणित लागू होत नाही, याचे भान ठेवावे.

भेगांची दिशा फार बोलकी असते. कठड्याच्या भिंतीलगत, रस्त्याला समांतर गेलेली भेग दिसली, तर आतील भरावाच्या दाबाने बाजूची भिंत बाहेर ढकलली जात असल्याचा तो इशारा असतो, तर कमानीला तिरपी छेदणारी भेग बहुधा पाया खचल्याकडे बोट दाखवते. विटांच्या एकावर एक कड्यांची कमान लाकडी हातोडीने हलकेच ठोकावी. पोकळ आवाज आला, तर कडी एकमेकींपासून सुटली असण्याचा संभव असतो. प्रत्येक भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. आज भेग किती रुंद आहे यापेक्षा ती वाढते आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे.

दरजांमधला चुना मऊ असतो आणि भिंतीतील ओल बाहेर पडू देतो. अशा दरजांत कोणी टणक सिमेंट भरले असेल, तर ओल सांध्यांऐवजी विटांमधून बाहेर येऊ पाहते व विटांचे तोंड पापुद्र्यासारखे सुटते. अशा सिमेंटच्या जागा आकृतीत वेगळ्या रंगाने दाखवाव्यात. आतून लोंबणाऱ्या पांढऱ्या चुनखडीच्या सुळक्यांची जागाही नोंदवावी, कारण वरच्या रस्त्यातून पाणी नेमके कोठे झिरपते ते त्यांवरून कळते. दगडांत शिरलेले रोपटे मात्र हाताने उपटू नये. मूळ ओढताना दगड हलतात, म्हणून त्याची फक्त जागा लिहून ठेवावी. खोल फटींत वटवाघळे राहत असल्याची चिन्हे, म्हणजे बारीक काळी लेंडी किंवा तेलकट डाग, दिसली तर तेही नोंदीत यावे, कारण दुरुस्ती करणाऱ्या गवंड्याने ती फट बुजवण्याआधी त्याला हे ठाऊक असले पाहिजे.