आठवीला जेफरसन शिकवायचाय? आधी १८०३ मध्ये नक्की काय विकलं गेलं ते बघा

टेक्सासमधल्या मिडल स्कूलला सोशल स्टडीजची नोकरी लागली आणि हातात आठवीची यूएस हिस्ट्री आली की आपल्याकडून आलेल्या बहुतेकांच्या पोटात गोळा येतो. मलाही आला होता, अजूनही ऑगस्टमध्ये थोडा येतो. सर्टिफिकेशन, व्हिसा, डिस्ट्रिक्टचं पेसिंग कॅलेंडर हे सगळं तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही. मला फक्त एका युनिटबद्दल बोलायचंय, राष्ट्राध्यक्ष जेफरसनची कारकीर्द, १८०१ ते १८०९, आणि तिथून वेग घेणारं वेस्टवर्ड एक्सपान्शन, म्हणजे अमेरिकेचं पश्चिमेकडे पसरणं. दिसायला सोप्पं आणि शिकवायला बेकार अवघड.

१८०० च्या निवडणुकीवर जास्त दिवस घालवू नका. जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा बर दोघांना ७३-७३ मतं, मग हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, छत्तिसाव्या फेरीत निकाल, त्यातून पुढे बारावी घटनादुरुस्ती (राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षासाठी वेगवेगळी मतं). पोरांना हे भांडण आवडतं, एका तासात रंगतं आणि लक्षातही राहतं. मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटला पण तसंच, ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे कायदा घटनाबाह्य ठरवायचा कोर्टाचा अधिकार, समजला की पुढे चला. एम्बार्गोला, म्हणजे जेफरसनने परदेशी व्यापारावर घातलेल्या बंदीला, एक वॉर्म-अप पुरतो. वेळ वाचवायचाय तो लुईझियाना पर्चेससाठी, म्हणजे १८०३ मध्ये अमेरिकेने नेपोलियनच्या फ्रान्सकडून केलेल्या खरेदीसाठी.

आता खरा खड्डा. प्रत्येक पुस्तकात आणि प्रत्येक रेडिमेड स्लाइड डेकमध्ये तोच नकाशा असतो, मिसिसिपीपासून रॉकीजपर्यंत एकच ठसठशीत रंग आणि खाली १८०३, दीड कोटी डॉलर, ८,२८,००० चौरस मैल, एकरी जेमतेम तीन सेंट. पोरं म्हणतात व्हॉट अ डील, आपणही हसतो, बेल होते. वरवर काहीच बिघडलेलं नसतं. बिघडलेलं कळतं दोन-तीन महिन्यांनी, जेव्हा १८३० चा इंडियन रिमूव्हल अ‍ॅक्ट येतो, चेरोकींना मिसिसिपीपलीकडे हाकललं जातं आणि पोरं पेपरात आरामात लिहितात की तिकडे आपण घेतलेली रिकामी जागा होतीच. तो रंग त्यांच्या डोक्यात बसलेला असतो आणि बसवलेला आपणच असतो. एका मुलीने मला विचारलं होतं, मिस, जमीन जर आपण विकत घेतली होती तर त्यानंतर ट्राइब्जशी पुन्हा ट्रीटी कशाला करत बसले? मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं, म्हणून हे जरा लांबण लावून सांगते, कंटाळलात तरी वाचा.

फ्रान्सच्या हातात त्या मुलखातलं होतं काय? न्यू ऑर्लीन्स, सेंट लुईस, नदीकाठची काही गावं आणि ठाणी, बास. तिथेही गंमत अशी की करार पॅरिसमध्ये एप्रिलमध्ये झाला आणि न्यू ऑर्लीन्समध्ये स्पेनने फ्रान्सकडे रीतसर ताबा दिला तो ३० नोव्हेंबरला, आणि तीन आठवड्यांत, २० डिसेंबरला, फ्रान्सने तो अमेरिकेकडे दिला. बाकी एवढ्या मोठ्या प्रदेशात ओसेज, पॉनी, मँडन, हिडात्सा, लकोटा या मूळच्या ट्राइब्जची सत्ता होती, त्यातल्या बहुतेकांनी फ्रान्सचा अधिकारी कधी बघितलाही नसेल. मग नेपोलियनने विकलं काय? तर दावा. या मुलखात मूळच्या लोकांकडून जमीन घ्यायची झाली तर ती बाकी युरोपियन सत्तांनी नाही, अमेरिकेनेच घ्यायची, एवढा हक्क. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा अमेरिकेच्या नावावर झालाच नव्हता, सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्याशी व्यवहार करायची मक्तेदारी मिळाली होती, आणि त्या मालकाला कुणी विचारलंही नव्हतं. १८२३ मध्ये जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश खटल्यात चीफ जस्टिस मार्शलने हेच तत्त्व कोर्टाच्या निकालात पक्कं करून टाकलं.

पोरांना पुरावा लागतो, नुसतं बोलून पटत नाही. १८०८ ची ओसेज ट्रीटी काढा. पर्चेसनंतर पाच वर्षांनी त्याच रंगीत नकाशाच्या आतल्या जमिनीसाठी, म्हणजे आजच्या मिसूरीचा बहुतेक भाग आणि आर्कान्सॉचा मोठा तुकडा, अमेरिका ओसेजकडून सही घेतेय. नकाशा प्रोजेक्टरवर ठेवा, त्यावर हा तुकडा वेगळ्या मार्करने रंगवा आणि गप्प उभे रहा. कुणीतरी विचारतंच, म्हणजे दोनदा घेतली? मग तुमचा तास सुरू झाला. त्याला जोडून जेफरसनने इंडियाना टेरिटरीचा गव्हर्नर हॅरिसनला २७ फेब्रुवारी १८०३ ला लिहिलेलं पत्र द्या, त्यात तो साफ लिहितो की सरकारी ट्रेडिंग हाउसमधून ट्राइब्जमधल्या बड्या लोकांना कर्जात पडू द्यायचं, म्हणजे ते फेडायला जमिनी सोडायला तयार होतील. पत्रावरची तारीख पोरांकडून मोठ्याने वाचून घ्या. खरेदीची बोलणी करायला पाठवलेला मन्रो तेव्हा पॅरिसला पोचलाही नव्हता.

विकलं का, याचं उत्तरही पुस्तकं एका ओळीत उरकतात, नेपोलियनला पैसे हवे होते. अहो, त्याआधी हैती. सेंट-डोमिंगच्या, म्हणजे आजच्या हैतीच्या जागी असलेल्या फ्रेंच वसाहतीतल्या, गुलामांनी बंड केलं, ते मोडायला नेपोलियनने पाठवलेलं सेनापती लक्लेर्कचं सैन्य लढाईने आणि पिवळ्या तापाने खलास झालं, १८०२ च्या नोव्हेंबरात तो स्वतः त्यातच गेला. साखरेचं बेटच हातातून निघालं तर त्याला धान्य पुरवायला लुईझियाना ठेवून करायचं काय, आणि वर इंग्लंडशी युद्ध तोंडावर. अमेरिकेचे दूत लिव्हिंग्स्टन आणि मन्रो गेले होते न्यू ऑर्लीन्सचं बोलायला, हातात पडला अख्खा प्रदेश. आणि ज्यांच्यामुळे पडला त्या हैतीला अमेरिकेने मान्यता दिली थेट १८६२ मध्ये. हा भाग पोरं विसरत नाहीत.

मराठी शिक्षकाला इथे एक फायदा आहे, वापरा. वसईचा तह १८०२ च्या शेवटच्या दिवशी, असईची लढाई सप्टेंबर १८०३. शिंद्यांच्या पदरी असलेल्या पेराँसारख्या फ्रेंच अधिकाऱ्यांची भीती पुढे करून वेलस्ली इकडे हातपाय पसरत होता, तेव्हाच नेपोलियन इंग्लंडशी लढायच्या तयारीत तिकडचा मुलूख फुंकत होता. वर्गात याला दोन मिनिटांच्या वर देऊ नका, त्यांच्या टेस्टमध्ये असई येत नाही. पण ही तारीख तुम्हाला स्वतःला घोकावी लागणार नाही आणि आपण परक्यांचा इतिहास शिकवतोय हा जो न्यूनगंड असतो तो बराच कमी होतो. खरंच होतो. अ‍ॅक्सेंटला पोरं पहिले दोन आठवडे हसतात, मग विसरतात.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. आद्याक्षरांचे फॉर्म्युले, कलर-बाय-नंबर नकाशे, विकत मिळणारे युनिट बंडल, हे सब्स्टिट्यूट टीचरसाठी ठेवा. आणि मेंटॉर म्हणून जो कागदावर मिळतो तो फक्त ग्रेडबुक आणि फायर ड्रिलसाठी बरा असतो, निदान माझ्या नशिबी तसाच आला. शिकायचं असेल तर लायब्ररियनला धरा, आणि फुटबॉल कोच इतिहास शिकवतो म्हणून नाक मुरडू नका. फळ्यावर न बघता मिसिसिपी-मिसूरी काढायला मी एका कोचच्याच वर्गात मागे बसून शिकले.

लुईस आणि क्लार्कमध्ये, म्हणजे जेफरसनने पश्चिमेकडे पाठवलेल्या शोधमोहिमेत, एक छोटा सापळा आहे. पोरांना वाटतं जमीन घेतली मग बघायला माणसं पाठवली. उलटं आहे. जेफरसनने काँग्रेसकडे गुप्त संदेशात २,५०० डॉलर मागितले १८ जानेवारी १८०३ ला, पर्चेसच्या आधी. टाइमलाइन कार्डं पोरांनाच लावू द्या. मोहिमेबरोबरची शोशोनी बाई सॅकागाविया वाट दाखवत पुढे चालली होती हे चित्रही जरा बाजूला ठेवा, तिचं मोठं काम दुभाष्याचं होतं. १८०५ च्या सप्टेंबरात सेलिश लोकांशी बोलताना साखळी अशी होती: सेलिशमधून शोशोनी, शोशोनीतून हिडात्सा, त्यातून फ्रेंच आणि मग इंग्लिश. माझ्या वर्गात स्पॅनिश, व्हिएतनामी, उर्दू बोलणारी पोरं आहेत, त्यांना ओळीत उभं करून एकच वाक्य पुढे पाठवलं, आम्हाला घोडे हवेत, बदल्यात कापड देऊ. शेवटच्या पोराने सांगितलं की यांना घोड्यांसाठी कपडे हवेत. त्यानंतर ट्रीटीमध्ये समोरच्याला नेमकं काय समजलं असेल हा प्रश्न मला विचारावा लागला नाही, त्यांनीच काढला.

क्लार्कची ७ नोव्हेंबर १८०५ ची नोंद पण घ्या. समुद्र दिसला म्हणून पठ्ठ्याने आनंदाने लिहिलंय, ओशनचं स्पेलिंगही चुकलेलं. प्रत्यक्षात ते कोलंबिया नदीचं रुंद मुख होतं. प्रायमरी सोर्स म्हणजे देववाणी नाही हे यापेक्षा स्वस्तात शिकवता येत नाही, आणि ज्यांचं स्पेलिंग कच्चं त्यांना धीर येतो तो वेगळाच.

यॉर्कचा विषय टाळू नका. क्लार्कचा गुलाम, सगळ्यांबरोबर राबला, परतल्यावर बाकीच्यांना दुप्पट पगार आणि जमीन, याला काहीच नाही. टेक्सासमध्ये वादग्रस्त विषय वर्गात कसे हाताळायचे यावर २०२१ मध्ये कायदा झालाय, तो स्वतः वाचा, स्टाफरूममधल्या ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. माझा नियम साधा आहे, मत मी देत नाही, कागद देते. पालकांचा ईमेल आला तर तोच कागद पाठवते, बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटतं. नाही मिटलं तर असिस्टंट प्रिन्सिपॉलला सीसीमध्ये घ्या, हिरोगिरी करू नका.

आणि हो, टेक्सास पर्चेसमध्ये होतं का, हा प्रश्न येणारच. जेफरसन रिओ ग्रान्डेपर्यंत दावा सांगत होता, स्पेन मानत नव्हता, १८१९ च्या अ‍ॅडम्स-ओनिस तहात सबाइन नदीवर रेघ ओढली गेली, म्हणजे टेक्सास स्पेनकडे राहिलं. तयार ठेवा.

परीक्षेत टेबलं-नकाशांसोबत छोटी लेखी उत्तरंही असतात. पर्चेसवर लिहून घेताना मी तीनच गोष्टी बघते: कुणी कुणाला काय विकलं, जेफरसन राज्यघटना अक्षरशः मानणारा असून त्याला हे का खुपत होतं (त्याने घटनादुरुस्तीचा मसुदासुद्धा केला होता, मग सोडून दिला आणि सिनेटने २४-७ ने करार पास केला), आणि दिलेल्या उताऱ्यातला एक तरी पुरावा. पहिल्या प्रश्नाला जो नुसतं 'लँड' लिहितो त्याचा कागद मी परत देते, शेजारी ओसेजचा नकाशा चिकटवून.