एचआर नेमकं काय बघतो? चाकणला इंटरव्ह्यूला निघायच्या आधी हे करा

मी आठ वर्षं पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांसाठी माणसं भरतोय, डिप्लोमावाले, आयटीआयवाले, क्वालिटी, प्रॉडक्शन, मेंटेनन्स सगळं. निकाल लागले की पोरांचा एकच प्रश्न, "सर, तुम्ही नक्की बघता काय?" खरं सांगू का, हुशारी आम्ही फारशी शोधतच नाही. डोक्यात तीनच गोष्टी फिरत असतात: लिहिलंय ते याला येतं का, बोलावलं तर हा जॉइन होईल का, आणि झालाच तर वर्षभर टिकेल का. तिसऱ्याचीच धास्ती जास्त, कारण पोरगं दोन महिन्यांत पळालं की प्रॉडक्शन मॅनेजर मलाच धरतो.

१) आधी सापडा तरी

नोकरीच्या साइटवर आम्ही एकेक प्रोफाइल वाचत बसत नाही, सर्च मारतो. 'सीएमएम' (पार्टची मापं तपासायचं मशीन), 'पीपीएपी' (नवीन पार्टला गिऱ्हाइकाची मंजुरी घ्यायची पद्धत), 'फानुक' (सीएनसी मशीनच्या कंट्रोलरची कंपनी) असले शब्द टाकायचे, मग अनुभव, लोकेशन, नोटीस पिरियड आणि शेवटी गेल्या पंधरा दिवसांत कोण ॲक्टिव्ह आहे त्याचा फिल्टर. आता तुम्ही नुसतं 'क्वालिटी डिपार्टमेंटला काम केले' लिहून सहा महिने लॉगिनच केलं नसेल तर तुम्ही कितीही भारी असा, मला दिसणारच नाही. म्हणून मशीन कोणतं, कंट्रोलर फानुक का सीमेन्स, इन्स्ट्रुमेंट कोणती हाताळली हे नावानिशी लिहा आणि आठवड्याला एकदा आत जाऊन एखादी ओळ इकडची तिकडे करा. फ्रेशर असाल तर रिझ्युमे एक पान पुरे. खाली ती 'आय हिअरबाय डिक्लेअर' वाली ओळ असते ना, ती मी आजपर्यंत एकदाही वाचलेली नाही, त्या जागेत चालू मोबाइल नंबर मोठा करून टाका. अर्धे नंबर बंद सिमचे निघतात.

२) पहिला फोन हाच पहिला राउंड

माझ्यासमोर एक्सेलमध्ये चाळीस नावं असतात आणि एकेकाला तीन-चार मिनिटं. समोरून "कोण? कुठली कंपनी? मी अप्लाय केलं होतं का?" आलं की मी मनात पुढच्या नावावर गेलेलो असतो. कुठे कुठे अप्लाय केलंय ते वहीत लिहून ठेवा, आणि गाडीवर असाल तर सरळ सांगा की दहा मिनिटांत करतो, आणि खरंच करा, करणारे फार थोडे असतात.

कुठे राहता हा प्रश्न गप्पांचा नसतो. हडपसरला राहून चाकणला फर्स्ट शिफ्टला येणार म्हणालात की माझ्या डोळ्यासमोर नाशिक फाटा ते मोशी ट्रॅफिक उभं राहतं. कंपनीची बस कुठून सुटते ते आधी विचारा, नाहीतर "मोशीला मित्राच्या रूमवर शिफ्ट होतोय" असं खरं असेल ते सांगा, त्या एका वाक्याने माझी अर्धी काळजी जाते.

३) जे लिहिलंय ते हातात घेऊन करून बघा

सगळ्यात जास्त पोरं इथे उडतात. क्वालिटीच्या इंटरव्ह्यूला आम्ही टेबलावर एक लेथवर टर्न केलेला पीस आणि व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) ठेवतो, माप घे म्हणतो, बस. डिस्टिंक्शनवाली पोरं डिजिटल नाही का सर विचारतात. मागच्या वर्षी लातूरकडचा एक आयटीआयचा पोरगा आला, इंग्रजी अडखळत, शर्टाची इस्त्री पण जेमतेम. त्याने पीसला हातच लावला नाही आधी, व्हर्नियरचे जबडे रुमालाने पुसले, बंद करून उजेडात धरले, झिरो जुळतोय का बघितलं आणि मगच पीस धरला. मेन स्केल २३, व्हर्नियरची १७ वी रेघ जुळत होती, लीस्ट काउंट (व्हर्नियरच्या एका रेघेची किंमत) ०.०२, म्हणजे १७ गुणिले ०.०२, ०.३४, "२३.३४ मिमी सर". प्लांट हेडने पुढचे प्रश्नच विचारले नाहीत.

तर रिझ्युमेमधला एकेक शब्द घ्या आणि स्वतःला विचारा, हे आत्ता करून दाखवता येईल का. सेव्हन क्यूसी टूल्स (क्वालिटीचे प्रॉब्लेम शोधायच्या सात पद्धती) लिहिलंय तर त्यातला पॅरेटो चार्ट (कोणता दोष सगळ्यात जास्त येतो ते उतरत्या क्रमाने दाखवणारा) कागदावर काढून बघा, येत नसेल तर खोडून टाका. 'माय हॉबी इज लिसनिंग टू म्युझिक' पाठ करण्यात जो वेळ जातो तो इथे घाला. आणि मराठीत बोललं तरी बहुतेक शॉप फ्लोअरच्या जागांना चालतं, विचारून मराठीत बोला.

४) गॅप लपवू नका

आमच्याकडे गॅप म्हणजे बहुतेक वेळा एमपीएससी नाहीतर पोलीस भरती. पोरं तिथे घरचं आजारपण नाहीतर खोटा अनुभव घालतात. अहो, पीएफची सर्व्हिस हिस्टरी यूएएनवर (तुमच्या पीएफचा कायमचा नंबर) दिसते, कुठल्या कंपनीत कधी लागलात कधी सोडलंत सगळं तारखांसकट, कधी ना कधी ते उघडं पडतंच. "दोन वर्षं तयारी केली, मेन्सपर्यंत गेलो, आता बंद केलंय" एवढं म्हणा. मला भीती एकच, पुढची जाहिरात निघाली की हा जाईल का, तर तेवढंच उत्तर द्या. अजून परीक्षा द्यायचीच असेल तर तेही सांगा, सहा महिन्यांच्या कामाची माणसंही लागतात.

५) पगार

आकडा सांगताना सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यात गोंधळ करू नका. सीटीसीत कंपनीचा पीएफ हिस्सा पण धरलेला असतो, बेसिक १५,००० असेल तर १२ टक्क्यांनी १,८०० तिथेच गेले, वर तुमचा तेवढाच कापला जातो. "हातात किती पडतील, कॅन्टीन-बसचे किती कापता" असं विचारणाऱ्याचा मला राग येत नाही, उलट हा जॉइन होणार असं वाटतं.

आणि रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, ट्रेनिंग, कशाच्याही नावाखाली आधी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा, मग ऑफर लेटरवर कितीही मोठा लोगो असो.

६) ऑफर आल्यावर

दुसरीकडे जमलं असेल तर एक मेसेज टाका, "सर, दुसरीकडे जॉइन होतोय", एवढंच. मी वेटिंगमधल्या पोराला त्याच संध्याकाळी फोन करतो. न सांगता गायब झालात तर माझ्या शीटमध्ये नावापुढे 'नो शो' पडतं आणि पुढच्या वर्षी तीच शीट उघडून मी फोन लावायला बसतो.