कॅरिबियनची कौटुंबिक क्रूझ: बंदरातल्या तासांचे नियोजन

कॅरिबियनच्या क्रूझचा विचार सुरू झाला की बहुतेक कुटुंबे आधी जहाज निवडतात. पोहण्याचे तलाव किती, घसरगुंड्या किती उंच, मुलांसाठी वेगळा विभाग आहे की नाही, हे सगळे तपासून झाल्यावर मग ते जहाज कोणकोणत्या बंदरांत थांबणार आहे याकडे लक्ष जाते. हा क्रम उलटा असावा. जहाजावर जेवण, विश्रांती, औषधोपचार आणि करमणूक या गोष्टी हाताशी असतात आणि तिथे दिवस सहज निभावतो. कस लागतो तो किनाऱ्यावर. सकाळी आठला धक्क्याला लागलेले जहाज संध्याकाळी पाचला सुटणार असेल, तर उतरण्याची रांग, वाहनाची वाट पाहणे आणि परतीचा राखीव वेळ वजा जाता हाती जेमतेम सहा तास उरतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत अशा सहलीला भारतातून आलेले आई-बाबा आणि शाळकरी नातवंडे एकत्र असतात. तेव्हा या सहा तासांचा हिशेब सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या चालीने करावा लागतो.

फ्लोरिडातील मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनाव्हरलहून निघणाऱ्या सात रात्रींच्या सफरींचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पूर्व कॅरिबियनच्या मार्गावर बहामा, पोर्तो रिकोतील सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन अशी बंदरे येतात. पश्चिम मार्गावर मेक्सिकोतील कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका, बेलीझ आणि होंडुरासचे रोआतान बेट येते. अरुबा, कुरासाव, बार्बेडोस यांचा दक्षिणेकडचा मार्ग सहसा सान हुआनहून तरी सुरू होतो, नाही तर फ्लोरिडाहून अधिक दिवस घेतो. पश्चिमेकडे माया संस्कृतीचे अवशेष, धबधबे, गुहा असे पाहण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु त्यासाठी बसमध्ये बराच वेळ जातो. पूर्वेकडची ठिकाणे बंदराच्या जवळ आहेत. आजी-आजोबा सोबत असतील आणि पहिलीच क्रूझ असेल, तर माझे मत निःसंशय पूर्व मार्गाच्या बाजूने पडते.

अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो आणि त्याचा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत असतो. या काळात तिकिटे स्वस्त असतात, कारण ठरलेले बंदर गाळून जहाज दुसरीकडे वळवले जाण्याची शक्यता अधिक असते. तसे करण्याचा अधिकार कंपनीने करारातच राखून ठेवलेला असतो. एखाद्याच विशिष्ट बेटासाठी सफर निवडली असेल, तर हा काळ टाळावा.

कागदपत्रांकडे मात्र तिकीट काढण्यापूर्वीच पाहावे, कारण इथली चूक धक्क्यावर दुरुस्त होत नाही. अमेरिकी बंदरातून निघून त्याच बंदरात परतणाऱ्या सफरीसाठी अमेरिकी नागरिकांना जन्मदाखला आणि सरकारी ओळखपत्र यांवर जाता येते, तरी पासपोर्ट असणे कधीही चांगले, कारण वाटेत एखाद्या बेटावरून विमानाने परतण्याची वेळ आली तर जन्मदाखला उपयोगी पडत नाही. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्या आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आणि परतीच्या दिवशी वैध असलेला हवा, कारण ही सफर म्हणजे अमेरिकेतून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करणे होय. कॅरिबियनची फेरी करून आल्याने अमेरिकेतील मुक्कामाची मुदत वाढून मिळेल, असे गृहीत धरू नये. एच-१बीवर असलेल्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. पासपोर्टवरील व्हिसाचा शिक्का संपलेला असतानाही ३० दिवसांच्या आत कॅनडा किंवा मेक्सिकोला जाऊन परतण्याची जी सवलत आहे, ती त्यांना कॅरिबियन बेटांसाठी लागू होत नाही. मार्गातील प्रत्येक देशाचा व्हिसाचा नियम वेगळा असल्याने बंदरांची यादी समोर ठेवून क्रूझ कंपनीकडून लेखी उत्तर मागवावे.

केबिनविषयी फार खल करण्याची गरज नाही. बोट लागण्याचा त्रास असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली खोली घ्यावी. तिकिटाच्या रकमेखेरीज सेवाशुल्क म्हणून प्रत्येक माणसामागे रोज साधारण १६ ते २० डॉलर आकारले जातात आणि ते बहुधा लहान मुलांनाही लागू असतात, हे अंदाजपत्रकात धरावे. तान्हे बाळ किमान सहा महिन्यांचे असावे लागते, आणि काही लांब मार्गांवर ही अट एका वर्षाची आहे. डायपर वापरणाऱ्या मुलांना जहाजावरच्या तलावात बहुधा उतरू देत नाहीत आणि मुलांच्या विभागातही साधारणपणे तीन वर्षांपासूनच प्रवेश असतो. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन जाणाऱ्या पालकांना हे आधी कळलेले बरे.

आता किनाऱ्यावरच्या सहलींकडे वळू. त्या ठरवण्याचे तीन मार्ग आहेत: क्रूझ कंपनीमार्फत, स्थानिक आयोजकाकडून, किंवा स्वतःच टॅक्सी करून. कंपनीची सहल महाग असते आणि गट मोठा असतो, पण ती परतायला उशीर झाला तर जहाज थांबते किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. मग पुढच्या बेटापर्यंतचा खर्च, हॉटेल आणि नसता व्हिसाचा प्रश्न हे सारे आपल्या पदरी पडते. म्हणून एक साधा निकष पाळावा. ठिकाण बंदरापासून तासाभराहून लांब असेल, किंवा मध्ये समुद्र ओलांडावा लागणार असेल, तर कंपनीचीच सहल घ्यावी. जवळच्या समुद्रकिनाऱ्यासाठी किंवा शहरातील फेरफटक्यासाठी कंपनीला पैसे देण्याचे कारण नाही. स्थानिक आयोजक निवडल्यास जहाज त्या बंदरात थांबलेच नाही तर पैसे परत मिळतील काय, हे आधी विचारून घ्यावे. प्रत्येक बंदरात दोन ठिकाणे कोंबण्याचा मोह आवरावा. एका बंदरात एकच गोष्ट नीट पाहावी, आणि एखाद्या बंदरात मुळीच न उतरता रिकाम्या जहाजावर आराम करावा, असेही सुचवावेसे वाटते. त्या दिवशी एरवी गजबजलेले तलाव मुलांना मोकळे मिळतात.

धक्का नसलेल्या बंदरांत जहाज समुद्रात नांगर टाकते आणि प्रवाशांना लाँचने किनाऱ्यावर नेले जाते. ग्रँड केमन आणि बेलीझ सिटी ही त्याची ठळक उदाहरणे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये चढताना जसा हलणाऱ्या फळीचा अंदाज घेऊन पाय टाकावा लागतो, तसेच इथेही करावे लागते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा. समुद्र खवळलेला असेल तर असे बंदर ऐन वेळी रद्द होते.

वेळेचा घोळ हा सर्वांत फसवा. परतण्याची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे सांगितलेली असते आणि ते घड्याळ स्थानिक वेळेशी जुळेलच असे नाही. उन्हाळ्यात फ्लोरिडाची वेळ एक तास पुढे केलेली असते, तर कोझुमेल, जमैका आणि केमन इथे ती वर्षभर बदलत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात जहाजाने फ्लोरिडाचीच वेळ कायम ठेवली असेल, तर या बेटांवरची घड्याळे तासभर मागे असतात. बेलीझ आणि रोआतानमध्ये हा फरक दोन तासांपर्यंत जातो. मोबाइल मात्र किनाऱ्यावर उतरताच आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो, आणि त्यावर विसंबलेला माणूस निवांत खरेदी करत राहतो. घरातील एकाने तरी मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून वापरावे. जहाज सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी प्रवेश बंद होतो, आपण दीड तास आधी धक्क्यावर असावे. जहाजाच्या दैनिक पत्रकावर बंदरातील कंपनीच्या एजंटाचा दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो, त्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

काही बंदरांविषयी थोडे तपशिलाने सांगतो. गड-किल्ल्यांची ओढ असलेल्या कुटुंबाने सान हुआन चुकवू नये. १५३९ मध्ये बांधकाम सुरू झालेला एल मोरो आणि त्याच शहरातला सान क्रिस्तोबाल हे दोन्ही किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि जुन्या शहरातील धक्क्यावरून चालत गाठता येतात. सान क्रिस्तोबाल जवळ पडतो, एल मोरोला चढणीचा रस्ता आहे. अनेक जहाजे इथे दुपारनंतर पोहोचतात आणि किल्ले संध्याकाळ होण्याआधीच बंद होतात, म्हणून वेळापत्रक जुळते का ते पाहून मगच बेत करावा. सेंट थॉमसला मेगन्स बेचा शांत, उथळ किनारा लहान मुलांसाठी उत्तम आहे. तिथवर उघड्या सामायिक टॅक्सीने माणशी दर देऊन जाता येते, दर बसण्यापूर्वी विचारावा. सेंट मार्टिनच्या माहो किनाऱ्यावर विमाने डोक्यावरून जातात आणि मुले हरखून जातात, परंतु उड्डाणाच्या वेळी धावपट्टीच्या कुंपणाजवळ उभे राहणे जीवघेणे आहे, २०१७ मध्ये तिथे एका पर्यटक स्त्रीचा मृत्यू झाला होता. वाळूत लांब बसून पाहण्यातही पुरेशी मौज आहे.

कोझुमेलहून चिचेन इत्सा या माया अवशेषांच्या प्रसिद्ध ठिकाणाची सहल विकली जाते. फेरीबोटीने मुख्य भूमीवर जायचे, तिथून बसने सुमारे अडीच तास, आणि तसेच परत. एवढे करून पिरॅमिडवर चढण्यास बंदी आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला यातून शीण तेवढा पदरी पडतो. त्यापेक्षा बेटावरच असलेले सान हेर्वासिओ हे माया अवशेषांचे ठिकाण लहान असले तरी निवांतपणे पाहता येते. ग्रँड केमनला कमरेइतक्या पाण्यात पाकट (स्टिंगरे) मासे अगदी जवळून पाहता येतात. तिथे पाय उचलून न टाकता वाळूवरून घासत चालावे, म्हणजे पाकटावर पाय पडत नाही. जमैकातील डन्स नदीचा धबधबा एकमेकांचे हात धरून चढायचा असतो. शेजारून पायऱ्या असल्याने न चढणाऱ्यांनाही सोबत राहता येते. ओचो रिओस बंदरातून तो अगदी जवळ आहे, फाल्मथहून मात्र साधारण तासाभराचा प्रवास आहे.

शाकाहारी मंडळींनी आरक्षणाच्या वेळीच तशी नोंद करावी आणि पहिल्या संध्याकाळी भोजनगृहाच्या मुख्य वाढप्याशी बोलून घ्यावे. आदल्या रात्री सांगितले तर दुसऱ्या दिवशी भारतीय भाजी, डाळ, भात करून देण्याची पद्धत अनेक जहाजांवर आहे आणि पूर्वसूचनेने जैन जेवणही मिळू शकते. किनाऱ्यावर अधिक सावध राहावे लागते. मेक्सिकोत शिजवलेल्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते. उलट, एकोणिसाव्या शतकात त्रिनिदादला गेलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांमुळे आत सारण गुंडाळलेली रोटी हा पदार्थ अनेक बेटांवर पोहोचला आहे. आत कोंबडी किंवा बोकडाचे मटण असते, म्हणून बटाटा आणि चणे घातलेली रोटी मागावी. जहाजावरून फळे किंवा शिजवलेले अन्न किनाऱ्यावर नेण्यास मनाई असते, बंद पाकिटातला चिवडा, बिस्किटे सहसा चालतात.

सामानात पाण्यात चालतील असे जोडे, टोपी आणि लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे ठेवावेत. यूएस व्हर्जिन बेटांवर (सेंट थॉमस त्यांतलेच) प्रवाळांना अपायकारक ठरणाऱ्या ऑक्सिबेन्झोनयुक्त सनस्क्रीनवर बंदी घातलेली आहे, त्यामुळे झिंक ऑक्साइडची घ्यावी. विजेची किटली, इस्त्री, राइस कुकर जहाजावर नेऊ देत नाहीत. मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोहोचायला संध्याकाळ होऊ शकते, म्हणून रोजची औषधे आणि मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत असावेत. आई-बाबांसाठी घेतलेला अमेरिकेतील आरोग्यविमा जहाजावर किंवा बेटांवर लागू होतोच असे नाही. समुद्रातून रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च प्रचंड असल्याने तो समाविष्ट असलेला प्रवासविमा वेगळा काढावा.

निघण्याच्या बंदरात विमानाने जायचे असेल तर आदल्या दिवशीच पोहोचावे. परतीच्या सकाळी जहाज सातच्या सुमारास धक्क्याला लागले तरी सामान, पासपोर्ट तपासणी आणि टॅक्सीची रांग यांत वेळ जातो, तेव्हा दुपारी बाराच्या आतले विमान घेऊ नये. किनाऱ्यावरून उचललेली प्रवाळे आणि मोठे शंख मुलांच्या पिशवीत राहिलेले नाहीत ना, हे आदल्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवण्यापूर्वीच पाहावे, कारण ते बाहेर नेण्यावर अनेक बेटांवर निर्बंध आहेत.