लिबरल आर्ट्स कॉलेज निवडताना आधी पोराकडे बघा

न्यू जर्सीतल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मी मोठ्या मुलांचा वर्ग घेते. माझी दोन्ही मुलं लहान लिबरल आर्ट्स कॉलेजांत, म्हणजे एकाच व्यवसायाऐवजी विज्ञान, साहित्य, समाजशास्त्र अशा अनेक विषयांचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजांत शिकली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे मार्च-एप्रिल आला की अकरावीतल्या मुलांचे आई-वडील शाळा सुटल्यावर थांबतात आणि विचारतात, "ताई, विल्यम्स बरं की अ‍ॅम्हर्स्ट?" ही अशीच दोन नावाजलेली कॉलेजं. मी उलट विचारते, "मूल कसं आहे?" मग जीपीए (शाळेतल्या ग्रेडची सरासरी) कळतो, एपीचे (शाळेतच घेतलेले कॉलेजच्या पातळीचे) विषय कळतात, एसएटी या प्रवेश परीक्षेचा स्कोअर कळतो. मूल बोलकं आहे की अबोल, एकटं रमतं की नाही, हे काही कुणी सांगत नाही. या कॉलेजांच्या बाबतीत नेमकं तेच आधी बघावं लागतं.

ही कॉलेजं लहान असतात. बहुतेक ठिकाणी दीड ते अडीच हजार मुलं, आणि जवळजवळ सगळी पदवीची. पीएचडीचे विद्यार्थी नसल्यामुळे वर्गावर प्राध्यापक स्वतः येतात, निबंध तेच तपासतात आणि संशोधनात हाताखाली पदवीच्याच मुलांना घेतात. मोठ्या विद्यापीठात तीनशेच्या लेक्चरला मागच्या रांगेत बसून सेमिस्टर काढता येतं. इथे बारा जणांच्या वर्गात तुम्ही वाचून आला नाहीत, हे पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं. शिवाय चार वर्षं जेवणघरात तेच चेहरे. एखाद्या मुलाला यात घरच्यासारखं वाटतं, एखाद्याचा जीव गुदमरतो. तुमचं मूल यातलं कोणतं, हा पहिला प्रश्न. गुदमरणारं असेल तर मोठी विद्यापीठं बघा, त्यात काहीही कमीपणा नाही.

माझी पद्धत सांगते. मुलाला एक कागद द्या आणि एक तुम्ही घ्या. दोघांनी वेगवेगळं लिहायचं. शाळेतला कोणता तास तो घरी येऊन आपणहून सांगतो? अभ्यास शेवटच्या रात्री एका दमात होतो की रोज थोडा थोडा? मित्र मोजके आणि जुने आहेत की दर महिन्याला नवे? शिक्षकांनी मोकळं सोडलं तर फुलतो की भरकटतो? थंडीत अंधार लवकर पडला की मलूल होतो का? कुणी न सांगता काय करतो? मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथे उत्तरं जुळत नाहीत तिथे मुलाचं खरं धरा आणि त्यावर त्याच्याशी बोला. कॉलेजच्या वेबसाइटवर जायचं ते यानंतर.

वेबसाइटवर सगळी कॉलेजं एकसारखीच दिसतात. हिरवळ, विटांची इमारत, झाडाखाली हसणारी चार मुलं. फरक असतो तो कॉलेज चालतं कसं यात, आणि तो कोर्स कॅटलॉग, शैक्षणिक कॅलेंडर आणि पदवीच्या अटी या रुक्ष पानांवर सापडतो. ही पानं मुलासोबत बसून वाचा.

कॅलेंडरपासून सुरुवात करा. कोलोरॅडो कॉलेजात 1970 पासून ब्लॉक प्लॅन आहे. एका वेळी एकच विषय, साडेतीन आठवडे, मग पुढचा. वर्षाला असे आठ ब्लॉक. भूगर्भशास्त्राचा वर्ग सरळ डोंगरात जाऊन राहू शकतो, कारण चुकवायला दुसरा तास नसतोच. जे पोर एका गोष्टीत बुडालं की जेवायचं विसरतं, त्याच्यासाठी हे फार चांगलं. पण गणितातली एखादी कल्पना डोक्यात मुरायला ज्याला महिने लागतात, त्याची इथे दमछाक होईल. मिनेसोटातल्या कार्लटनमध्ये दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्म असतात आणि प्रत्येक टर्मला साधारण तीन विषय. थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेरचा सण) ते नवं वर्ष अशी लांब सुट्टी मिळते, पण टर्म सुरू झाली की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिडटर्म दारात उभी. विल्यम्स आणि मिडलबरीत अख्खा जानेवारी एकाच विषयासाठी राखून ठेवलेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मोकळीक. अ‍ॅम्हर्स्ट आणि ग्रिनेल इथे ओपन करिक्युलम आहे. पहिल्या वर्षाचा एक सेमिनार, म्हणजे छोटा चर्चेचा वर्ग, सक्तीचा, आणि निवडलेल्या मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या अटी. बाकी सगळं सल्लागार प्राध्यापकाशी बोलून तुम्हीच ठरवायचं. गणित नकोसं झालेल्या मुलाला हा स्वर्ग वाटतो, पण त्याच्यासाठी ही सोय केलेली नाही. ज्याला स्वतःहून पाच दिशांना जायचं असतं, त्यालाच तिचा फायदा होतो. अगदी दुसऱ्या टोकाला सेंट जॉन्स, अ‍ॅनापोलिस आणि सांता फे इथलं. 1937 पासून तिथे सगळ्यांना जवळपास एकच अभ्यासक्रम आहे. मूळ ग्रंथ वाचायचे, टेबलाभोवती बसून चर्चा करायची, ग्रीक शिकायचं, युक्लिडची प्रमेयं फळ्यावर सोडवायची. मेजर नाहीतच. आमच्या लोकांना हे ऐकून धक्का बसतो, पण वर्गात "असं का?" विचारून शिक्षकांना हैराण करणारं पोर तुमच्या घरात असेल तर एकदा तरी तिथे नेऊन आणा.

ग्रेडचं ओझं मन पोखरणाऱ्या मुलांसाठी दोन नावं सांगते. स्वार्थमोरमध्ये पहिल्या सेमिस्टरला ग्रेड नसतात, पास किंवा नापास एवढंच. पोर्टलंडच्या रीड कॉलेजात ग्रेडची नोंद होते, पण काम समाधानकारक असेल तर मुलांना ती आपोआप कळवत नाहीत. निबंधावर प्राध्यापकांचे शेरे येतात. म्हणून रीड सोपं आहे, असं मात्र कुणी समजू नका. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला थीसिस, म्हणजे प्रबंध, लिहावा लागतो आणि वाचनाचा डोंगर असतो. ओहायोतल्या वूस्टरमध्येही प्रत्येक विद्यार्थी शेवटच्या वर्षी प्राध्यापकासोबत स्वतंत्र प्रकल्प करतो. तो जमा केल्यावर हातात टूटसी रोल नावाची चॉकलेटची गोळी मिळते आणि त्यासाठी मुलं वर्षभर राबतात. ज्या मुलाला एकच प्रश्न महिनोन्‌महिने कुरतडत बसायला आवडतं, त्याच्या यादीत वूस्टर हवंच, रँकिंगमध्ये ते कुठेही असो.

आता अबोल मुलांविषयी, कारण त्यांच्या आयांची काळजी मला सर्वांत जवळची वाटते. "आमची बोलत नाही हो, सेमिनारमध्ये तिचं कसं होणार?" असं त्या विचारतात. माझी लेक तशीच. पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजात ती कादंबरीच्या वर्गात बसली होती आणि मागच्या खुर्चीवर मी. लांब टेबलाभोवती चौदा जण. एका मुलीने बोलायला सुरुवात केली, अर्ध्या वाक्यावर ती अडली आणि पुस्तकाची पानं उलटायला लागली. कुणी मध्ये बोललं नाही. प्राध्यापिकाबाई हनुवटीवर हात ठेवून नुसत्या बघत होत्या. त्या मुलीला पान सापडलं, तिने ओळ वाचून दाखवली आणि वाक्य पुरं केलं. मग समोरच्या मुलाने तिचाच धागा पुढे नेला. गाडीत बसल्यावर लेक म्हणाली, "आई, इथे थांबतात." दुसऱ्या एका कॉलेजात याच्या अगदी उलट. एकाचं संपायच्या आत दुसरा सुरू, हशा, वाद, हातवारे. लेक तिथून थकून बाहेर आली. दोन वर्षांनी माझ्या मुलाला तेच कॉलेज पहिल्या तासात आवडलं. कॉलेज तेच, वर्गही बहुधा तसेच, फक्त मूल वेगळं.

म्हणून भेटीला गेलात तर कॅम्पस टूर झाल्यावर परत फिरू नका. प्रवेश कार्यालयाला आधी कळवून मुलाला आवडत्या विषयाच्या वर्गात बसू द्या, तुम्ही बाहेर कॉफी प्या. जेवणघरात एकटं जेवणारं कुणी दिसतंय का, आणि ते सहज आहे की अवघडलेलं, ते बघा. पाट्या लावायच्या फळ्यावर काय आहे ते वाचा: नाटकाच्या ऑडिशन, आंदोलनाची हाक की बँकांच्या मुलाखती? टूर देणाऱ्या मुलाला विचारा, "गेल्या शनिवारी काय केलंस?" पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. शाकाहारी मुलांनी सॅलडपलीकडे काय मिळतं ते स्वतः ताटात घेऊन बघावं, रोज तेच खायचं आहे. जाणं परवडत नसेल तर कॉलेजचं विद्यार्थी वर्तमानपत्र इंटरनेटवर वाचा. मुलं कशावर चिडलेली आहेत हे तिथे कळतं.

बोलण्यापेक्षा लिहिण्यात खुलणाऱ्या मुलांसाठी विल्यम्सचे ट्युटोरियल बघण्यासारखे आहेत. दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक. एका आठवड्यात एकाने निबंध लिहायचा, दुसऱ्याने त्याची चिकित्सा करायची, पुढच्या आठवड्यात उलट. गर्दीत गप्प बसणारी मुलं इथे कशी मोकळी होतात, हे मी जवळून पाहिलं आहे.

गाव कुठलं, याकडे आपली मंडळी सर्वांत कमी लक्ष देतात. ग्रिनेल हे आयोवातलं नऊ-एक हजार वस्तीचं गाव, चहूकडे मक्याची शेतं. कॉलेज श्रीमंत आहे, व्याख्यानं आणि मैफली कॅम्पसवरच येतात, पण वीकएंडला शहर हवं असणारं मूल तिथे हिरमुसेल. त्याने सेंट पॉलमधलं मॅकॅलेस्टर बघावं. तिथे शहर दारात आहे आणि जगभरातली मुलं आहेत, संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान तिथलेच पदवीधर. हिवाळा मात्र दोन्हीकडे कडक. लहान कॉलेज हवं पण जग मोठं हवं, अशा मुलांसाठी समूहातली कॉलेजं हा उत्तम मार्ग आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये अ‍ॅम्हर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक, हॅम्पशायर आणि यूमास (राज्याचं मोठं विद्यापीठ) अशी पाच मिळून आहेत. एकीकडे नाव घालून दुसरीकडे विषय घेता येतात, मध्ये बस फिरते. कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटची पोमोना, स्क्रिप्स, पिट्झर, क्लेअरमाँट मॅकेना आणि हार्वी मड तर एकमेकांना लागून आहेत.

इंजिनियरिंग सुटेल ही भीती असेल तर ऐका. हार्वी मड, स्वार्थमोर आणि स्मिथ इथे इंजिनियरिंगची पदवी आहे. गाणं आणि विज्ञान दोन्ही सोडवत नसेल तर ओबरलिनमध्ये पाच वर्षांत एक संगीताची आणि एक विज्ञानासारख्या नेहमीच्या विषयाची अशा दोन पदव्या घेता येतात. त्यासाठी दोन्हीकडे वेगवेगळा प्रवेश मिळवावा लागतो.

पैशांचं बोलणं शेवटी ठेवू नका. अनेक खाजगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च 80,000 डॉलरच्या वर गेला आहे. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो; घरची मिळकत भरली की मदत वजा जाता तुम्हाला साधारण किती खर्च येईल ते तो सांगतो. मुलाने त्या कॉलेजात मन गुंतवायच्या आधी तो भरा. विल्यम्स, अ‍ॅम्हर्स्ट, स्वार्थमोर यांच्याकडे मदत ठरते ती मुख्यतः कुटुंबाच्या गरजेवर, हुशारीसाठी वेगळी सूट नाही. दोघं नोकरी करणाऱ्या आपल्याकडच्या घरांना बऱ्याचदा तिथे फारसं काही मिळत नाही. ग्रिनेल, ओबरलिन, मॅकॅलेस्टर, वूस्टर, डेनिसन इथे मेरिट, म्हणजे हुशारीवर मिळणाऱ्या, शिष्यवृत्त्या आहेत आणि त्यांनी हिशोब पार बदलतो. केंटकीतलं बेरिया शिकवण्याची फी घेतच नाही, पण तिथे प्रत्येकाला कॅम्पसवर काम करावं लागतं आणि भर कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या मुलांवर असतो.

पुण्या-मुंबईहून अर्ज करणाऱ्या भाचे-पुतण्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. मदत मागितली की परदेशी मुलांचा प्रवेश बहुतेक कॉलेजांत अवघड होतो. अ‍ॅम्हर्स्ट आणि बोडन इथे प्रवेश ठरवताना परदेशी मुलांचीही ऐपत बघत नाहीत, पण तिथे जागा फार थोड्या. म्हणून मेरिट देणारी कॉलेजं यादीत हवीतच.

यादी आटोपशीर ठेवा. मी आठ-दहा म्हणते. नाव कायम करण्याआधी त्या कॉलेजचा कॉमन डेटा सेट शोधा. हा ठरावीक साच्यातला तक्ता बहुतेक कॉलेजं दर वर्षी जाहीर करतात. त्यात वर्गांचे आकार मिळतात, पहिल्या वर्षानंतर किती मुलं परत आली ते मिळतं, आणि अर्जदाराने कॉलेजात दाखवलेल्या रसाला प्रवेशाच्या वेळी किती महत्त्व देतात तेही मिळतं. मग प्रत्येक नावापुढे मुलाने स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहायच्या: इथेच का? त्या ओळींत दुसऱ्या कॉलेजचं नाव घातलं तरी अर्थ बदलत नसेल तर ते नाव अजून कच्चं आहे, परत कॅटलॉग उघडा. पक्क्या ओळींचा उपयोग पुढे "आमचं कॉलेज का?" या निबंधातही होतो.

अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज, बंधनकारक असतं. प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात, आणि पैशांची तुलना करायची संधी जाते. पहिल्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या पूर्वार्धात असते. मूल त्या कॉलेजच्या वर्गात बसून आलेलं असेल आणि कॅल्क्युलेटरचा आकडा घरात सगळ्यांना झेपत असेल, तरच तिथे सही करा. नाहीतर जानेवारीपर्यंत थांबा, नियमित फेरीत अर्ज भरा आणि 1 मेपर्यंत हातात आलेली पत्रं टेबलावर मांडून, मुलाचा तो पहिला कागद शेजारी ठेवून ठरवा.