शोधनिबंधांचे गुण आणि कापसाचा हंगाम

नागपूरमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवताना स्थाननिश्चितीच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या, प्रस्तावांशी माझा दोन्ही बाजूंनी संबंध आला; आधी अर्जदार म्हणून आणि नंतर सहकाऱ्यांच्या प्रस्तावांची प्राथमिक छाननी करणारा म्हणून. संशोधनात नव्याने आलेल्यांना ‘भरपूर पेपर टाका’ हा सल्ला सगळेच देतात, पण त्या पेपरांचे गुण कसे मोजतात हे बहुतेकांना अर्ज भरतानाच कळते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार विज्ञान शाखेत एका शोधनिबंधाला ८ गुण आहेत, आणि नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्याची घडण पुढे येते) २ ते ५ च्या दरम्यान असल्यास त्यात २० गुणांची भर पडते. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण मिळतात. दोनांहून अधिक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. म्हणजे २८ गुणांचा निबंध तिसऱ्या लेखकाच्या खात्यात ८.४ गुणांचाच उरतो. लेखकांचा क्रम गाइडशी आणि सहकाऱ्यांशी प्रयोग सुरू होण्यापूर्वीच ठरवावा, आणि तो ईमेलवर लिहून ठेवावा. यात संकोच करण्यासारखे काही नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरची घडण मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षात मिळालेली उद्धरणे (म्हणजे इतर लेखांनी दिलेले त्यांचे संदर्भ) त्या लेखांच्या संख्येने भागली की हा आकडा निघतो. तो नियतकालिकाचा आहे, तुमच्या निबंधाचा नाही. मूठभर गाजलेले लेख सरासरी वर ओढतात आणि उरलेले त्याच पुण्याईवर गुण मिळवतात. आता विदर्भातील कोरडवाहू कापसाचा विचार करा. पेरणी पावसाबरोबर जूनमध्ये होते आणि वर्षाला एकच हंगाम मिळतो. गुलाबी बोंडअळीवरील तुमचा निबंध वाचून कोणी शेतावर चाचणी घ्यायची ठरवली, निष्कर्षासाठी दोन हंगाम थांबले आणि मग लेख छापायला पाठवला, तर त्याने दिलेले उद्धरण येईपर्यंत दोन वर्षांची मुदत उलटून गेलेली असते. प्रयोगशाळेत काही आठवड्यांत प्रयोग उरकणाऱ्या विषयांना ही अडचण येत नाही. त्यामुळे दोन विषयांतील संशोधकांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे मला अन्यायाचे वाटते, मग समितीला ते कितीही सोयीचे असो.

एच-इंडेक्स हा संशोधकाचे निबंध आणि त्यांची उद्धरणे एकत्र मोजणारा निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये मांडला. दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उद्धरणे असतील, आणि अकरांना प्रत्येकी अकरा नसतील, तर तो दहा. एकदा मिळालेली उद्धरणे सहसा कमी होत नसल्याने तो वयाबरोबर वाढतच जातो आणि नवोदिताला तो साहजिकच कमी दिसतो. शिवाय स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि गुगल स्कॉलर या उद्धरणांची नोंद ठेवणाऱ्या स्रोतांवर एकाच व्यक्तीचे तीन वेगळे आकडे निघू शकतात, म्हणून अर्जात आकड्याशेजारी स्रोत आणि तारीख लिहावी.

नियतकालिकांच्या याद्यांवर विसंबून राहू नये. आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली, पुढे केअर ही नवी यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केल्याचे जाहीर केले. निबंध स्वीकारला गेला त्या दिवशी नियतकालिक यादीत होते याची छापील प्रत ज्यांनी ठेवली, त्यांचे प्रस्ताव छाननीत अडत नाहीत. पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्यांकडे फिरकूही नये, कारण त्या नियतकालिकाचे नाव तुमच्या प्रकाशनांच्या यादीतून पुढे पुसता येत नाही.

संशोधनाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नये, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्राने, म्हणजे डोराने, सुचवले आहे. आपल्याकडील गुणांचा तक्ता अजून त्या वाटेवर आलेला नाही. तोवर निवडक तीन निबंधांसाठी प्रत्येकी अर्धे पान लिहून मुलाखतीला न्यावे: प्रश्न कोणता होता, त्यात तुमचे काम नेमके कोणते आणि निष्कर्ष कोणाच्या उपयोगी पडला. विषयतज्ज्ञ बहुधा तेवढेच वाचतात, आणि प्रश्नही त्यावरच विचारतात.