लेजेंडरी कार्डं नसताना बॅटल कशा जिंकायच्या

कार्ड गेम खेळताना आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की समोरच्याकडे चमकणारी लेजेंडरी, म्हणजे फार दुर्मिळ, कार्डं दिसली म्हणजे आपण हरलोच. रेअरिटी म्हणजे ते कार्ड किती कमी वेळा हाताला लागतं एवढंच, ते किती भारी आहे ते त्यावरून कळत नाही. मॅजिक द गॅदरिंगमधलं लाइटनिंग बोल्ट घ्या, एक मानात (माना म्हणजे कार्ड खेळायची किंमत) तीन डॅमेज, 1993 साली आलं तेच कॉमन म्हणून आणि आजही लोक ते आवडीने खेळतात. त्याच गेममध्ये पॉपर नावाचा अख्खा फॉरमॅट आहे जिथे फक्त कॉमन म्हणून निघालेली कार्डंच चालतात, 2019 पासून तो कागदी कार्डांसाठी पण अधिकृत आहे. आणि मार्व्हल स्नॅप या कार्ड गेममध्ये तर रेअरिटी म्हणजे नुसती कार्डाची सजावट, वाढवली तरी ताकद तेवढीच राहते.

आता मुद्द्यावर येऊ, आणि मी क्लॅश रोयालवरच (मोबाईलवरचा गेम, इलिक्सिर खर्च करून कार्डं मैदानात टाकायची आणि समोरच्याचे टॉवर पाडायचे) जास्त बोलणार कारण तिथे कॉमन आणि रेअर कार्डांवर किती लांब जाता येतं ते मी स्वतः खेळून बघितलंय.

डेक, म्हणजे खेळायला निवडलेली आठ कार्डं, असा लावा, कार्डापुढचा आकडा म्हणजे ते टाकायला लागणारं इलिक्सिर. हॉग रायडर 4, मस्केटियर 4, फायरबॉल 4, कॅनन 3, आइस गोलेम 2, झॅप 2, आइस स्पिरिट 1, स्केलेटन्स 1. बेरीज 21, म्हणजे सरासरी 2.6 इलिक्सिर. चार कॉमन, चार रेअर, त्यांच्याहून दुर्मिळ एपिक किंवा लेजेंडरी एकही नाही. हा जुना प्रसिद्ध हॉग सायकल डेकच आहे, म्हणजे स्वस्त कार्डं पटापट फिरवून थेट टॉवरवर धावणारा हॉग रायडर पुन्हा पुन्हा सोडायचा, त्यात झॅपच्या जागी लॉग नावाचं कार्ड असतं आणि तेवढा एकच लेजेंडरी, तो नसला तर झॅपवर मस्त भागतं. झॅप हवेतल्यांना पण लागतो आणि इन्फर्नो टॉवरसारख्यांचा वाढत गेलेला मारा पुन्हा शून्यावर आणतो, जे लॉगला जमत नाही. कमी कुठे पडतो तर टॉवरवर गॉब्लिन्स फेकणाऱ्या गॉब्लिन बॅरलवर, लॉग गॉब्लिन्स एका फटक्यात साफ करतो, झॅपने ते उरतात. सारखं सारखं गॉब्लिन बॅरलवालेच समोर येत असतील तर झॅप काढून अ‍ॅरोज टाका, एक इलिक्सिर जास्त जाईल पण डोकेदुखी संपेल.

हा डेक जिंकतो कशामुळे ते नीट समजून घ्या, नाहीतर नुसती कार्डं कॉपी करून काही होत नाही. तुमच्या हातात चार कार्डं असतात आणि चार रांगेत, एक कार्ड खेळलं की ते रांगेच्या शेवटी जातं आणि आणखी चार कार्डं खेळल्यावर परत हातात येतं. आता या डेकमधली सगळ्यात स्वस्त चार कार्डं बघा, 1, 1, 2 आणि 2, म्हणजे 6 इलिक्सिर खर्च केलं की हॉग परत तयार, त्याचे 4 धरले तर 10 मध्ये एक फेरी पूर्ण. साध्या वेळात 2.8 सेकंदाला एक इलिक्सिर मिळतं, म्हणजे साधारण 28 सेकंदात तुमचा दुसरा हॉग निघू शकतो, आणि समोरचा जर महाग कार्डांचा भारी डेक घेऊन बसला असेल तर त्याचं हॉग थांबवणारं कार्ड एवढ्या लवकर परत येतच नाही. पहिल्या हॉगला त्याने कशाने अडवलं ते बघून ठेवा, ते कार्ड त्याच्या हातात यायच्या आत दुसरा हॉग सोडा, एवढंच गणित आहे पण ते दर मॅचला चालतं.

दुसरी गोष्ट ट्रेडची, म्हणजे त्याचं कार्ड कमी इलिक्सिरमध्ये थांबवायची. त्याने 4 चा हॉग टाकला आणि तुम्ही 3 च्या कॅननने थांबवला, तुम्ही एकने पुढे. त्याने 4 चा मिनी पेक्का सोडला, तुम्ही 1 चे तीन स्केलेटन्स त्याच्याभोवती असे टाकले की तो एकेकाला मारत बसतो आणि तोवर टॉवर त्याला संपवतो, तुम्ही तीनने पुढे. मी मॅचभर हा फरक मनात मोजत असतो, त्याचं नेमकं इलिक्सिर किती आहे ते मोजायला जाऊ नका, सुरुवातीला ते फार अवघड जातं, नुसतं मी दोनने पुढे, आता एकने मागे, एवढं चालू ठेवा. पुढे असाल तर अटॅक, मागे असाल तर थांबा. आणि इलिक्सिरचा बार 10 वर भरू देऊ नका, भरल्यावर जे वाया जातं ते थेट समोरच्याचा फायदा. खेळायला काहीच नसेल तर मागे स्केलेटन्स सोडा.

समोरच्याने गोलेमसारखं 8 चं कार्ड अगदी मागे टाकलं की घाबरून डिफेन्सची तयारी करू नका, त्याच्याकडे बार पूर्ण असला तरी आता दोनच उरलेत, त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने हॉग सोडा. नवीन पोरं इथेच चुकतात, गोलेम मैदानाच्या मधल्या पुलावर येईपर्यंत वाट बघतात आणि तोवर त्याचा बार परत भरलेला असतो. फक्त सगळं इलिक्सिर अटॅकला घालवू नका, गोलेम येईल तेव्हा कॅनन आणि मस्केटियर हातात पाहिजेत.

पेक्का 7 ची आहे आणि एका फटक्यात होत्याचं नव्हतं करते, पण ती जवळच्या माणसामागे जाते. ती पूल ओलांडून आली की आइस गोलेम मधोमध, थोडा पलीकडच्या बाजूला टाका, ती त्याच्यामागे वळते आणि दोन्ही टॉवर तिच्यावर मारा करतात. दोन इलिक्सिरमध्ये सात इलिक्सिरच्या कार्डाला असं फिरवलं की खरंच फार समाधान मिळतं. हे टायमिंग मात्र सरावानेच येतं, क्लॅनमधल्या (गेममधल्या तुमच्या गटातल्या) कुणालातरी फ्रेंडली बॅटलला बोलवा आणि त्याला नुसती पेक्काच टाकायला सांगा, वीसएक वेळा केलं की हात बसतो.

हवेतून येणाऱ्या डेकपुढे हा डेक जरा लंगडा पडतो हे मान्य करायला हवं. कॅनन हवेत मारू शकत नाही, बलूनला स्वतःकडे ओढतो तेवढंच, खरं काम मस्केटियरचं. म्हणून बलून किंवा लाव्हा हाउंड दिसला की मस्केटियर उगाच अटॅकला घालवायची नाही आणि समोरच्याकडे फायरबॉल असेल तर तिला टॉवरपासून लांब ठेवायचं, नाहीतर एकाच फायरबॉलमध्ये तिला आणि टॉवरला दोघांना बसतो.

लेव्हलचं सांगायचं राहिलं, आणि खरं नुकसान इथेच होतं. एक लेव्हल म्हणजे साधारण 10 टक्के ताकद. बरोबरीच्या लेव्हलला फायरबॉलने मस्केटियर मरत नाही, जराशी लाइफ उरते, पण फायरबॉल एक लेव्हल वर असेल तर ती जागेवर संपते. कॉमन आणि रेअर कार्डं खूप मिळतात, क्लॅनमध्ये मागता पण येतात, म्हणून एकच डेक ठरवून सगळं गोल्ड त्याच आठ कार्डांत घाला, दर आठवड्याला नवा डेक करत बसलात तर सगळंच अर्धवट राहतं.

हार्थस्टोन हा दुसरा कार्ड गेम खेळणाऱ्यांनाही हाच हिशोब लागू आहे, तिथे तर आकडेच सांगतात. एक लेजेंडरी बनवायला 1600 डस्ट (कार्डं मोडून मिळतं ते), एक कॉमन 40 ला, म्हणजे एका लेजेंडरीच्या डस्टमध्ये 40 कॉमन, आणि डेक फक्त 30 कार्डांचा असतो. माना पहिल्या टर्नला 1 आणि मग दर टर्नला एकेक वाढतो, त्यामुळे एक आणि दोन मानाची कार्डं भरपूर ठेवा, पहिल्या चार टर्नमध्ये एकही माना वाया जाऊ देऊ नका आणि समोरच्याचे 30 हेल्थ त्याची महाग कार्डं बाहेर यायच्या आत संपवायला बघा. पॅकमध्ये नको असलेली लेजेंडरी निघाली तर ती मोडून 400 मिळतात, पण सध्या काय चालतंय ते बघितल्याशिवाय मोडू नका.

परत क्लॅश रोयालवर, कारण शेवटचा मिनिट राहिला. मॅच तीन मिनिटांची, शेवटच्या मिनिटात इलिक्सिर दुप्पट वेगाने मिळतं आणि भारी डेकवाले तिथेच जोर करतात, तेव्हा दोन्हीकडून हल्ला करायच्या मोहात पडू नका. बरोबरी झाली की ओव्हरटाइम, त्यात जो आधी टॉवर पाडेल तो जिंकला, आणि कुणीच पाडला नाही तर ज्याचा टॉवर सगळ्यात कमी लाइफवर असेल तो हरतो, म्हणून सुरुवातीला हॉगचा एकेक फटका लागलेला असतो तो इथे उपयोगी पडतो. फायरबॉल टॉवरला किती लागतो तो आकडा कार्डाच्या माहितीत दिलेला असतो, तो पाठ ठेवा, कारण टॉवरला ट्रूपपेक्षा (मैदानातल्या सैनिकांपेक्षा) कमी लागतो. समोरच्याचा टॉवर दोन फायरबॉलवर आला की हॉग बंद, फक्त डिफेन्स करायचा, स्वस्त कार्डं फिरवत राहायची आणि फायरबॉल हातात आला की थेट टॉवरवर टाकायचा.