ऑफिससाठी ए-झिरो स्कॅनर घेताय? आधी या चुका टाळा

मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. त्यामुळे आमच्यासारख्या आरसीसी कन्सल्टंटच्या ऑफिसात एक फोन ठरलेला: "आमच्या बिल्डिंगची जुनी ड्रॉइंग्ज तुमच्याकडे असतील ना?" असतात. कपाटावर, कपाटाखाली, नळकांड्यांत, एखादी तर खिडकीला ऊन लागू नये म्हणून चिकटवलेली. ती शोधण्यात अर्धा दिवस जातो आणि मग कुणीतरी म्हणतं, एकदाचा मोठा स्कॅनर घेऊन टाकू या. आम्ही लगेच कोटेशनं मागवली.

शीट न मोजता मशीन बघायला जाणं

आधी मोजायला हवं होतं. नंतर मोजल्या तेव्हा १,४०० च्या आसपास शीट निघाल्या, आणि नव्याने येणाऱ्या महिन्याला पाच-सहा. साठलेलं पाणी उपसायला पंप हवा होता, आम्ही बोअरवेल खोदायला निघालो होतो.

हिशेब सोपा आहे. मशीनची किंमत, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) आणि चालवणाऱ्या माणसाचा पगार एकत्र करा, पाच वर्षांत होणाऱ्या शीटनी भागा आणि तो आकडा बाहेर स्कॅन करून देणाऱ्या प्लॉटिंगवाल्याच्या दरापुढे ठेवा. माणसाचा वेळ सगळे विसरतात. मशीन एक शीट मिनिटाच्या आत ओढतं, पण उलगडणं, धूळ पुसणं, तपासणं, नाव देणं यात पाच मिनिटं जातातच. १,४०० शीटचे झाले ७,००० मिनिटं, म्हणजे आठ तासांचे जवळपास पंधरा दिवस.

आम्ही शेवटी मशीन दोन महिने भाड्याने आणलं. मूळ कागद बाहेर पाठवायचे नव्हते, म्हणून. रोज नकाशे येणारं ऑफिस असेल, तर विकत घेण्यात चूक नाही.

रुंदी काठोकाठ घेणं

ए-वन आकाराच्या शीटची रुंदी ५९४ मिमी, २४ इंची मशीनची ६१० मिमी. कागदावर बसतं. प्रत्यक्षात जुनी ट्रेसिंग (अर्धपारदर्शक कागदावरचं मूळ ड्रॉइंग) रोलवरून हाताने कापलेली असते, कडेला पट्टी चिकटवलेली असते, आणि तिरकी गेली की समासातलं टायटल ब्लॉक (नाव-नंबरची चौकट) कापलं जातं. ए-झिरोला (८४१ मिमी) ३६ इंची घ्या. लांबीची काळजी नको, ती रोलरमधून सरकत जाते.

डेमोला विक्रेत्याचा कागद वापरणं

विक्रेता येताना करकरीत, रंगीत नकाशा घेऊन येतो. तो कुठल्याही मशीनवर सुंदरच दिसतो. आम्ही १९८७ चं फुटिंगचं (पायाचं) ड्रॉइंग काढलं: अमोनिया प्रिंट (ट्रेसिंगवरून जुन्या पद्धतीने काढलेली प्रत), चार घड्या, मधोमध पिवळा पडलेला सेलोटेप. स्क्रीनवर घडीच्या दोन्ही बाजूंना बोटभर पट्टा धूसर आला आणि नेमके सळ्यांचे व्यास त्याच पट्ट्यात. ८ की ६, कळेना.

याचं कारण सेन्सरमध्ये आहे. सीआयएस प्रकारात सेन्सर काचेला लागून असतो. कागद जरासा उचलला गेला तरी अक्षर पुसट होतं. सीसीडी प्रकारात कॅमेरे लांबून बघतात, त्यामुळे घड्या चालून जातात. पण ते मशीन महाग, तापायला वेळ घेणारं, आणि दोन कॅमेऱ्यांच्या सांध्यावर रेघ तुटू शकते. सपाट, नवे कागद असतील तर सीआयएस पुरतं. आमच्यासारखा कचरा असेल तर दोन्हींवर तोच कागद चालवून बघा. फाटक्या ट्रेसिंगसाठी पारदर्शक कॅरियर शीट (कागद आत ठेवून सरकवायचं पाकीट) मागून घ्या. ती नसेल तर तुकडे रोलरमधून बाहेर येतील. आणि सेलोटेपचा डिंक काचेला लागला तर पुढच्या प्रत्येक शीटवर त्याची आठवण उमटते.

डीपीआयच्या मागे धावणं

माहितीपत्रकावर ९,६०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके) लिहिलेलं असलं तरी ते बहुतेकदा सॉफ्टवेअरने फुगवलेलं असतं. ऑप्टिकल, म्हणजे सेन्सर खरोखर टिपतो ते किती, एवढंच विचारा. ३०० डीपीआयला एक ठिपका साधारण ०.०८५ मिमीचा, म्हणजे रोट्रिंगच्या ०.२ मिमी ड्रॉइंग पेनची रेघ दोन ठिपक्यांत नीट बसते. त्याच सेटिंगला ए-झिरो रंगीत शीट न दाबता ४१८ एमबी होते. ६०० केलं की चौपट. मग सर्व्हर भरतो आणि फाइल दाबण्याचा मोह होतो.

इथेच खरा धोका आहे. २०१३ मध्ये जर्मनीत डेव्हिड क्रिझेल या संगणकतज्ज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या ऑफिस मशीनवर घराचा नकाशा स्कॅन केला. तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती, तरी स्कॅनमध्ये तिन्हींवर १४.१३ आलं. जेबिग-टू पद्धतीने फाइल दाबताना सारखे दिसणारे आकडे मशीनने एकमेकांच्या जागी बसवले होते. धूसर आकडा निदान धूसर आहे हे दिसतं. हा स्वच्छ आणि चुकीचा. काळ्या-पांढऱ्या ड्रॉइंगसाठी टिफ फाइल, ग्रुप-४ (काही न बदलता दाबणारी पद्धत) ठेवा.

स्कॅनवरून थेट माप घेणं

रोलर घसरला की चित्र लांबीत ताणलं जातं, आणि ट्रेसिंग गुळगुळीत असल्यामुळे हे फार होतं. १:५०० च्या नकाशावर १ मिमी म्हणजे जागेवर अर्धा मीटर. प्लास्टिकच्या फिल्मवर ५०० मिमीच्या आडव्या-उभ्या रेघा प्लॉट करून ठेवा आणि दर आठवड्याला ती शीट चालवून माप तपासा. स्टीलची पट्टी आत घालणारे महाभाग भेटले आहेत, काच चरते.

शीटच्या सरकण्याच्या दिशेने एकच लांब रेघ येत असेल तर काचेवर धुळीचा कण आहे: धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा, मग कॅलिब्रेशन (मशीनची जुळवणी). रेघा एकाच जागी पायरीसारख्या सरकत असतील तर कॅमेऱ्याचा सांधा हलला आहे. कॅलिब्रेशननेही गेलं नाही तर सर्व्हिसवाल्याला बोलवा.

फाइलला नुसतं बिल्डिंगचं नाव देणं

बिल्डरने ठेवलेलं नाव एक, सोसायटी नोंदली गेली दुसऱ्याच नावाने, आणि फोनवरचे काका तिसरंच सांगतात. पहिल्या दोनशे फाइल आम्हाला पुन्हा नावं देऊन बसवाव्या लागल्या. आता सुरुवातीला सीटीएस नंबर (जमिनीचा सिटी सर्व्हे क्रमांक), मग शीट नंबर, मग रिव्हिजन, आणि नाव सगळ्यात शेवटी.